अठ्ठ्याऐंशीवी फेरी

मी दुसऱ्यांचे दात करते. म्हणजे मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि मी लॅबमध्ये प्लास्टरच्या साच्यावर मेणात दात रचते. दिवसभर हेच, आणि उरलेल्या वेळात पोहायचं, सायकल हाणायची, धावायचं. कारण काय, तर चाळिशीच्या उंबरठ्यावर बाईसाहेबांना खाज सुटली: एकाच दिवशी चार किलोमीटर पोहायचं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची आणि वर बेचाळीस किलोमीटर धावायचं. आमच्या सासूबाई म्हणतात, "पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलीय." नवरा काहीच म्हणत नाही, मुकाट्याने भांडी घासतो. त्याचं ते न बोलणं मला जास्त लागतं.

लेक सात वर्षांची. घरात सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण ती कुठूनही, कशातूनही आत शिरते. शनिवारी दुपारी तिचा पोहण्याचा क्लास असतो, आणि त्याच वेळी त्याच तलावात, दोरीपलीकडच्या शेजारच्या पट्ट्यात माझा सराव. एका दगडात दोन पक्षी! ही अक्कल माझीच. लोकांना सांगायचे, "शनिवार आम्हा मायलेकींचा." खोटं नव्हतं, पाणी एकच होतं ना.

या शर्यतीसाठी आम्हाला तयार करणारे सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात. शर्यतीत शेकडो माणसं एकदम पाण्यात उडी घेतात, मागून येणारे पुढच्यांचे पाय पकडतात. कुणाचा हात लागला की टाच मारायची आणि पुढे जायचं. मागे वळून बघायचं नाही.

त्या शनिवारी मला शंभर फेऱ्या करायच्या होत्या. अठ्ठ्याऐंशीव्या फेरीला पायाला हात लागला. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा लागला, या वेळी घोटाच धरला. मी टाच हाणली. अशी बसली की मलाच बरं वाटलं, म्हटलं, वा, जमलं की! आणि उरलेल्या बारा फेऱ्या पूर्ण केल्या. सहा-सात मिनिटं गेली असतील. देवाशप्पथ, मजेत पोहत होते.

वर आले तर मुंगी बाकावर टॉवेल गुंडाळून बसलेली आणि तिच्या पोहण्याच्या बाई तिच्या ओठाला कापूस धरून.

"आज पहिल्यांदा आधार सोडून पोहली," बाई म्हणाल्या. "आईला दाखवते म्हणाली आणि दोरीखालून तुमच्या पट्ट्यात गेली. मी शेजारीच होते, लगेच उचललं. तुम्हाला हाकाही मारल्या."

हाका! डोकं पाण्यात, कानावर टोपी, मनात आकडे. मला काय ऐकू येणार, डोंबल?

बाईंनी माझ्या तळहातावर कागदी रुमाल ठेवला. त्यात पुढचा दुधाचा दात. मी तो उलटा करून पाहिला, सवयच ती. मूळ जवळजवळ सगळं विरघळलेलं. म्हणजे दात दोन आठवडे तरी हलत असणार.

"हलत होता का गं?" मी विचारलं.

मुंगीने मान डोलावली. "आजीला माहितीये. बाबाला पण. बाईंना पण."

लोकांच्या बत्तिशीचा हिशेब माझ्याकडे, आणि घरातला एक दात हलतोय त्याचा मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

घरी पोचलो. सासूबाईंनी दारातच विचारलं, "अगंबाई, पडला वाटतं! कसा गं?"

मी तोंड उघडायच्या आत मुंगी म्हणाली, "सफरचंद खाताना."

आणि मी गप्प बसले. एरवी माझं तोंड म्हणजे तोफखाना, पण त्या वेळी दातखीळ बसली.

जेवणं झाल्यावर तिचे केस विंचरताना हळूच विचारलं, "खोटं का बोललीस?"

"आजी म्हणाली असती, आता पुरे झालं तुझं. मग तू शर्यत सोडली असतीस," ती म्हणाली. "मग तू माझ्यावर चिडचिड केली असतीस."

फणी तिच्या केसांतच राहिली. सात वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. बारा फेऱ्यांसकट. त्या ओटा पुसत होत्या, पुसतच राहिल्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "घरात चार दिवस सफरचंद नाहीये. आणि ओठ काय सफरचंदाने फुटतो?" मग फडका पिळत म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला थोडीच लागलंय."

पुढच्या शनिवारी मी फेऱ्या ठेवल्याच नाहीत. उथळ पाण्यात उभी राहिले. मुंगी काठावर, पोहण्याचे कपडे घालून, पण पायाचं बोटही पाण्याला लावेना.

"ये ना, मी धरते."

"नको. तू पोह. मी मागून येते."

मी निघाले. हळू, अगदी हळू. पाय इतके सैल सोडले की बुडायचीच पाळी. एकही आकडा मोजला नाही. नुसती त्या हाताची वाट बघत होते. आता लागेल, आता लागेल. अर्धा तलाव गेला तरी लागेना. मी थांबून मागे वळले.

ती काठावरच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"अगं, येणार होतीस ना?"

"नाही," ती म्हणाली. खालच्या ओठावर खपली, वर दाताची खिडकी. "तू वळून बघतेस का, ते बघत होते."

"मग? बघितलं ना मी?"

"आज बघितलंस."

शर्यत दोन आठवड्यांवर आली आहे. मला अजूनही जायचंय, आणि त्याचीच लाज वाटते. मी काठाशी परत आले, हात पुढे केला. तिने टॉवेल अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "तुझ्या फेऱ्या राहिल्यात. कर तू."