ब्रेकमास्तरांची चाचणी

आमचा दादा मोटार चालवायला शिकवायचा. शेजारी बसून पाय कायम जादा ब्रेकवर, म्हणून गावभर ‘ब्रेकमास्तर’. विद्यार्थ्यांना एकच मंत्र: “परीक्षक विचारेल तेवढंच सांगा. जास्त बोललात की नापास.” निम्मं गाव या मंत्रावर गाडी चालवतं, उरलेलं निम्मं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतं.

त्याच्या फुफ्फुसाचा कॅन्सर कळला तो पसरल्यावरच. डॉक्टर म्हणाले, केमोच्या आधीच, पहिला उपचार म्हणून, शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी दोन औषधं एकत्र देऊन बघतोय; चाचणी आहे, तुम्ही तिच्यात बसता. ‘चाचणी’ म्हटल्यावर दादाच्या अंगात मास्तर संचारला.

प्रत्येक सलाइनआधी नर्सबाई विचारायच्या, “काका, ताप? पुरळ? पोट बिघडलं?”

“छे हो, दगड पचवतो!”

औषध लागू पडलं. खोकला उतरला, स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसली. आणि घरी जुलाब सुरू झाले. वहिनी चादरी धुऊन धुऊन थकली.

“अहो, सांगून टाकू या ना.”

“खुळी का तू? गुण येतोय, आणि पोटापायी नाव कापून घेऊ?”

नवऱ्याचं न पटलेलंही पटवून घ्यायची वहिनीला सवय. पण या वेळी तिला खरंच पटलं. पुढच्या खेपेला नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तर तीच हसून म्हणाली, “पोट? अहो, रांधून रांधून माझेच हात दुखतात!”

त्याच आठवड्यात दादा न्हाणीघरात कोसळला. खाली रक्त.

“प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटली,” डॉक्टर म्हणाले. “ही औषधं आता पुन्हा देता येणार नाहीत.”

“पण गाठ कमी होतेय ना?” वहिनीने विचारलं.

“होत होती.”

डॉक्टर गेल्यावर नर्सबाई हळूच म्हणाल्या, “काकू, नाव कापायला नव्हते हो विचारत. सुरुवातीलाच कळलं असतं तर औषध थोडं थांबवून पोट गोळ्यांनी आवरलं असतं. कितीतरी जणांचं मग पुढे चालू राहतं.”

दादा कुशीवर वळला. “तिला बोलू नका. तिने माझं ऐकलं.”

इतक्या वर्षांत मी वहिनीचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता.

“तेच तर!” ती ओरडली. “का ऐकलं मी तुमचं?”

दादाने तिचा हात धरला. तिने तो सोडवूनही घेतला नाही, आणि उलट धरलाही नाही.