शुक्रावरची पश्चिम

"सावलीत घ्या ते मास्तर, काय बी दिसत न्हाई," हौशीराम म्हणाला. प्रज्ञेशने लॅपटॉप उचलला आणि ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवला.

चौदा वर्षांत हा जावई सासऱ्याच्या कुरवंडे गावातल्या ओट्यावर आज पहिल्यांदाच बसला होता. त्याला जावई म्हणायला हौशीरामची जीभ रेटत नसे. प्रज्ञेश लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, त्यामुळे 'मास्तर' म्हटलं की भागत होतं. लेकीने, समीक्षाने, बेडसे गावच्या बौद्ध घरातल्या या मुलाशी लग्न केलं, त्या दिवशी हौशीराम देवळापुढे चार लोकांत बोलून गेला होता, की सूर्य पश्चिमेला उगवला तरी लेकीच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

बोलून गेला आणि अडकला. एकतीस वर्षं रेल्वेत गेटमन म्हणून काढलेला माणूस. गाडीची वेळ झाली की फाटक पाडायचं, मग पलीकडे आमदाराची गाडी असो की नवरदेवाची. गाव म्हणायचं, हौशीरामचा शब्द म्हणजे रेल्वेचं फाटक. त्याला ते ऐकायला आवडायचं, आणि तिथेच घात झाला. राग पाच-सहा वर्षांतच निवला होता. शब्द तेवढा उरला. राग गेल्यावर शब्द सोडायचा कसा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सरुबाई, त्याची बायको, नवऱ्याच्या शब्दाला भीक न घालता दर आठवड्याला लेकीकडे जायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या पोटात पाणी झालं. दवाखाना जवळ म्हणून समीक्षाने तिला आपल्या घरीच ठेवून घेतलं. तीन आठवडे ती तिथे होती. रोज निरोप यायचा, एकदा येऊन जा म्हणावं. हौशीराम रोज जायचाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा, लेकीला बाहेर बोलावून चौकशी करायचा आणि परत फिरायचा. शेवटी सरुबाईच बाहेर आली, चौघांच्या खांद्यावर. तेव्हा तो पुढे झाला.

त्याला आता चार महिने झाले होते. हौशीराम एकटाच भाकरी थापायचा, अर्धी करपवायचा आणि तीच खायचा. समीक्षा घरी ताटावर बसली की बापाच्या आठवणीने उठून जायची. आज म्हाताऱ्याला घेऊनच यायचं, असं ठरवून प्रज्ञेश आला होता. पण तसं तो बोलला नाही. मुलांना वर्गात दाखवतो ते दाखवायला आणलंय, दुसऱ्या ग्रहांवर सूर्य कसा उगवतो ते, एवढंच म्हणाला.

आधी त्याने मंगळ दाखवला. तांबड्या माळावर इवलासा सूर्य वर आला आणि त्याच्याभोवतीचं आभाळ निळं झालं.

"निळं? तितं बी तुमची मान्सं आदीच पोचली म्हना की," हौशीराम म्हणाला. प्रज्ञेश मनापासून हसला. मग बुध आला. तिथे सूर्य थोडा वर आला, थांबला, मागे सरून बुडाला आणि पुन्हा उगवला. सिग्नल मिळाला नसेल, असं हौशीरामचं मत पडलं. सरुबाई गेल्यापासून त्या ओट्यावर कुणी थट्टा केली नव्हती.

"आता शुक्र," प्रज्ञेश म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला. तिथे ढग फार दाट असतात, पण संगणकात ते पुसता येतात, असं त्याने सांगितलं. वेळ पळवल्यावर डोंगरामागून सूर्य वर आला. खाली कडेला दिशेचं अक्षर होतं, 'प'.

हौशीराम पुढे वाकला. अक्षरावर बोट ठेवलं.

"ही मावळत."

"हो आबा. शुक्र उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेलाच उगवतो."

प्रज्ञेशची मान खाली होती. मास्तर कशासाठी आलेत, हे हौशीरामच्या ध्यानात आलं. पोराने किती विचार केला असेल, असं वाटून त्याला भरून आलं. शब्द मोडायला नको, म्हाताऱ्याला खाली बघायला नको, अशी वाट त्याने आभाळातून शोधून काढली होती.

"किती दिसांनी उगवतो तितं?"

"एकशे सतरा दिवसांनी एकदा."

हौशीराम ओठांतल्या ओठांत हिशेब करू लागला. चौदा वर्षं.

"चाळीसच्या वर व्हत्यात," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ह्ये आताशा सुरू झालं, का आदीपास्नं हाये?"

"आधीपासूनच. माणूस नव्हता तेव्हापासून."

"म्हंजी ती बोलवीत व्हती, तवा बी उगवत व्हता."

प्रज्ञेशचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. हा हिशेब त्याने येताना धरलाच नव्हता. पडद्यावर शुक्राचा सूर्य हळूहळू वर चढत होता.

हौशीराम उठला. तोंडावर पाणी मारलं, धुतलेला सदरा घातला, दाराला कडी लावली आणि प्रज्ञेशच्या मोटरसायकलवर मागे बसला. दोघं लोणावळ्याला निघाले.

समीक्षा मेथी निवडत होती. दारात बापाला पाहून ती उठली. मांडीवरची भाजी खाली सांडली. हौशीरामने वहाणा काढल्या आणि आत पाऊल टाकलं. ते पाऊल टाकायला काहीच जोर लागला नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"कुटं निजायची ती?"

समीक्षाने खिडकीजवळची कॉट दाखवली. तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते. ते तिने घाईने उचलले, पाणी दिलं आणि डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. प्रज्ञेश बाहेरच थांबला होता.

हौशीराम कॉटवर बसला नाही. आजारी माणसाजवळ बसतात तसा खाली जमिनीवर बसला आणि कॉटच्या काठावर हात ठेवला. चादर स्वच्छ, घडी न मोडलेली होती.

"आलो बरं का," तो हळूच म्हणाला.

आतून समीक्षाने ओ दिली.