हाताने जोडलेली हजेरी

नोटिशीवर जावक क्रमांक टाकून पावणेदहांनी ती पाकिटात घातली, पाकीट डिंकाने चिकटवलं, मग खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घातला आणि समोरच्या बाजूला उभं राहून पोचवहीत सही करून ते पाकीट ताब्यात घेतलं. आवक-जावक विभागात ते एकटेच होते आणि नोटीस त्यांनाच होती. पाकीट फोडताना ते जरा गंभीर झाले. आत काय आहे ते माहीत होतं, पण रीत ती रीत.

आपण सलग तेवीस दिवस कार्यालयात उशिरा आलात, सेवापुस्तकात तसा शेरा का मारू नये याचा खुलासा तीन दिवसांत करावा, असं आत होतं.

पावणेदहा हे त्यांचं टोपणनाव. एकतीस वर्षं ते पावणेदहाला येत. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की शिपाई त्यांची वाट बघायचा आणि ते दारात दिसले की काटे फिरवायचा. निवृत्तीला तीन महिने उरले होते. सेवापुस्तकात एकतीस वर्षांत लाल शाईचा ठिपका नव्हता. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही ते सही करून गेले होते आणि त्याबद्दल व्याही अजून नीट बोलत नव्हते.

ही भानगड नव्या अधिकारी मॅडमनी सुरू केली होती. त्यांनी आल्या आल्या हजेरीची वही कपाटात टाकली आणि प्रत्येकाला लॅपटॉप दिला. सकाळी लॅपटॉप उघडायचा, तो आपोआप ऑफिसच्या वायफायला जोडला जाणार आणि त्या क्षणी हजेरी लागणार. पहिल्या आठवड्यात लोकांनी शेजाऱ्याला सांगून आपले लॅपटॉप जोडून घेतले, म्हणून दुसऱ्या आठवड्यात परिपत्रक निघालं की हाताने जोडलेली हजेरी उशिराची धरली जाईल. सगळ्यांचे लॅपटॉप आपोआप जोडले जात. पावणेदहांचा जात नसे. ते पावणेदहाला येत, लॅपटॉप उघडत, दहा वाजेपर्यंत त्याच्याकडे डोळे वटारून बघत आणि मग हाताने जोडत. पडद्यावर लाल अक्षरांत 'उशीर' असं येई.

त्यांनी घरी हे सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तुमच्याशी आपोआप कोण जोडलं जाणार? मलासुद्धा आईवडिलांनी हातानेच जोडलं." त्यावर ते जेवले नाहीत. तिने आग्रहही केला नाही.

लॅपटॉप दुरुस्त करायला जो येई त्याला ऑफिसात सगळे 'रीस्टार्ट' म्हणायचे. सर्दीपासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर त्याच्याकडे तेवढंच औषध होतं. तो कंत्राटी होता, चिडका होता आणि समोरच्या माणसानेच काहीतरी दाबलंय हे गृहीत धरून काम सुरू करायचा. पावणेदहांना तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. त्यालाही ते नको होते.

पहिल्या दिवशी त्याने लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. दुसऱ्या दिवशी त्याला ते नेटवर्क विसरायला लावलं आणि पासवर्ड टाकून पुन्हा ओळख करून दिली. तिसऱ्या दिवशी 'आपोआप जोडा' या चौकटीतली खूण काढून पुन्हा तीच खूण केली आणि फार मोठं काम केल्यासारखा घाम पुसला. मग वायफायचा ड्रायव्हर नवा टाकला, वीज वाचवायची सोय काढून टाकली. प्रत्येक वेळी त्याच्यासमोर लॅपटॉप शहाण्यासारखा जोडला जाई. दुसऱ्या सकाळी पुन्हा मख्ख.

"काका, तुम्ही काहीतरी दाबता."

"मी काही दाबत नाही. तुला काही येत नाही."

नोटीस आली त्या दिवशीही हेच झालं, तेव्हा रीस्टार्टने जाहीर केलं की आज आपण इथेच बसणार आणि संध्याकाळी लॅपटॉपला कोण हात लावतं ते बघणार. त्याचा संशय काकांवर होता. काकांचा संशय त्याच्यावर होता. म्हणून दोघे साडेपाचपर्यंत एकमेकांवर पहारा देत बसले. चहा आला तो दोघांनी वेगवेगळ्या खिडक्यांकडे तोंड करून प्यायला.

साडेपाचला पावणेदहा निघायच्या तयारीला लागले. शिक्क्याच्या डबीचं झाकण लावलं. खिडकी लावली. पंखा बंद केला. मग लॅपटॉपवर वायफायची खूण उघडून 'जोडणी तोडा'वर टिचकी मारली आणि लॅपटॉप बंद केला.

रीस्टार्ट उभा राहिला. "आत्ता काय केलंत?"

"कुठे काय? घरी निघालो."

"तोडलंत कशाला?"

"मग काय रात्रभर जोडलेलं ठेवू? जे चालू केलं ते बंद करून निघायचं, एवढं मला कळतं."

रीस्टार्ट पुन्हा खाली बसला. मग पहिल्यांदाच तो हळू बोलला. "काका, नुसता बंद केला तर सकाळी तो आपणहून जोडला जातो. पण तुम्ही हाताने तोडलंत की तो समजतो, या माणसाला हे नेटवर्क नको आहे. मग चौकटीत खूण असू दे नाहीतर नसू दे, तुम्ही बोलवेपर्यंत तो जात नाही."

दुसऱ्या दिवशी दोघे मॅडमसमोर उभे राहिले. मॅडमना घाई होती. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "यंत्र नादुरुस्त होतं असं लिहून द्या. तुमचा शेरा रद्द. याचं कंत्राट तसंही मला संपवायचंच आहे."

रीस्टार्ट मॅडमच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. त्याला रीस्टार्ट करायची सोय नव्हती.

पावणेदहांनी पेन उघडलं. यंत्र निर्दोष आहे, जोडणी मी रोज स्वतः तोडत होतो, असं दोन ओळींत लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मॅडमनी ते वाचलं, खांदे उडवले आणि सेवापुस्तक मागवलं. लाल शाई शोधायला दहा मिनिटं लागली. 'वेळेचे भान नाही', असा शेरा पडला.

बाहेर व्हरांड्यात रीस्टार्ट म्हणाला, "मी तुम्हाला लिहा म्हटलं नव्हतं."

"तुझ्यासाठी कोण लिहितंय? खोटं लिहिताना माझं अक्षर बिघडतं. एवढंच." मग जिन्याकडे वळताना, "आणि तुला खरंच काही येत नाही. आठवडा लागला तुला."

"तुम्हाला तेवीस दिवस लागले," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी साडेपाचला पावणेदहांनी डबीचं झाकण लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. त्यांचा हात सवयीने वायफायच्या खुणेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. त्यांनी नुसताच लॅपटॉप बंद केला. जेवणाचा डबा उचलून ते दारापर्यंत आले. बैठकीतून कुणालाही न सांगता मध्येच उठून आल्यासारखं त्यांना वाटत होतं. उंबऱ्याशी ते थोडा वेळ उभे राहिले, मग दिव्याचं बटण दाबलं आणि मागे न बघता जिना उतरू लागले.