खोडात म्हटलेलं गीत

चर्चच्या पाळकांनी उपासनेत ढोल वाजवायला परवानगी दिली, पण एका अटीवर: कारभाऱ्यांची हरकत नसावी. कारभाऱ्यांना मंडळीतल्या बायका मागून ‘कंदील’ म्हणत, कारण ते सगळीकडे डोकावत.

ढोल करणारा म्हातारा मंडळीतला नव्हता. त्याची बायको मात्र होती. तीस वर्षं ती गायनवृंदात गायली. आपल्या आवडत्या गीताला एकदा तरी नवऱ्याचा ढोल लागावा, एवढीच तिची इच्छा राहून गेली होती. येत्या रविवारी ती जाऊन वर्ष होणार होतं; त्या दिवसासाठीच तो ढोल करत होता.

शुक्रवारी सकाळी कंदील म्हाताऱ्याच्या कामाच्या खोलीबाहेर थबकले. दार लावलेलं होतं. फटीतून पाहिलं, तर म्हातारा पोकळ खोडात तोंड घालून काहीतरी पुटपुटत होता. थांबायचा, लाकडावर पंजा ठेवायचा, पुन्हा पुटपुटायचा.

त्यांनी दार ढकललंच.

“काय चाललंय?”

“लाकूड ऐकतोय.”

“बोलत होतास. जुन्या देवांचे ढोल करायचास, तेव्हाही असंच?”

“असंच. ज्या गाण्यासाठी ढोल, ते खोडात म्हणायचं. लाकूड कुठल्या सुराला थरथरतं ते कळतं. मग कातडं त्या सुरावर ताणायचं.”

“मग दार कशाला लावतोस?”

“बाबांचा आवाज ऐकलात की कळेल, काका,” कातडं भिजवत बसलेली मुलगी म्हणाली. “शेजारी खिडक्या लावून घेतात.”

कंदील हसले नाहीत. “माझ्यासमोर म्हण. कातडंही माझ्यासमोर चढव.”

म्हातारा वाकला. आवाज फाटका, पण गीत बायकोच्या आवडीचंच होतं. कंदिलांनी शब्द न् शब्द तपासला. मग खोडात हात घालून चाचपलं. हाताला भुसा लागला. तरी कातडं चढेपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत.

रविवारी ते ढोलाला चिकटून उभे राहिले. मंडळीने तेच गीत उचललं. दुसऱ्या ओळीच्या वरच्या सुराला ढोल घुमला. कंदिलांनी चटकन म्हाताऱ्याचे हात पाहिले. दोन्ही गुडघ्यांवर.

“कोण वाजवतंय?” ते कुजबुजले.

“तुम्ही सगळे.”

त्यांनी कातड्यावर तळहात दाबला. घुमणं थांबलं. म्हातारा त्या हाताकडे बघत राहिला.

पुढच्या कडव्यात तोच सूर आला, तेव्हा कंदिलांनी हात जरासा उचलला. बोटांखाली थरथर आली. दाबला. पुन्हा उचलला. शेवटच्या कडव्याआधी त्यांनी हात खिशात घातला.

“वाजव,” ते म्हणाले. “मी इथेच उभा आहे.”