एकतीस सप्टेंबर

मला राग पटकन येतो, हे मी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या सोमवारी मी दारातच चपला भिरकावल्या, तेव्हा सासूबाईंनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि एवढंच विचारलं, "आज कोण?"

"टक्केराव!"

टक्केराव म्हणजे आमच्या संशोधन संस्थेचे प्रशासन अधिकारी. माणूस वाईट नाही, पण टक्क्यांशिवाय तोंड उघडत नाही. चहा गार झाला तरी किती टक्के गार झाला ते सांगेल. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि हसले. ते आधी हसले की समोरच्याचं काही खरं नसतं.

माझं काम काय, ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून कळलेलं नाही. शास्त्रज्ञांना लागणारी सॉफ्टवेअर लिहिणारे जे लोक असतात, त्यांतली मी एक. कुणाला समुद्राचं तापमान मोजायचं असतं, कुणाला फोटोतल्या पेशी मोजायच्या असतात. शोध त्यांचा, नाव त्यांचं, आणि त्यामागचा प्रोग्राम लिहून तो चालता ठेवणारे आम्ही. एकेका प्रयोगशाळेत असा एखादाच माणूस असतो आणि त्याला वाटत असतं की जगात आपण एकटेच. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी एक बातमीपत्र सुरू केलं. महिन्यातून एकदा मेलने जातं. कुठे जागा निघाली, कुठे प्रशिक्षण आहे, कुठली शिष्यवृत्ती आहे, अर्जाची शेवटची तारीख कोणती. नाव साधंच, 'बातम्या आणि संधी'. माझी जागा कंत्राटी, आणि कागदोपत्री ती ह्या बातमीपत्रासाठीच होती. ते चालू, तर मी चालू.

"अकराशे चाळीस लोकांना मेल जातो," टक्केराव म्हणाले. "उघडतात तेवीस. दोन टक्के. तुमचं कंत्राट ह्या तीस तारखेला संपतंय. शुक्रवारी अकरा वाजता समितीसमोर विषय ठेवतोय, बातमीपत्र आणि जागा दोन्ही बंद करण्याचा."

आता हे तेवीस कसे मोजतात? मेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं. मेल उघडला की ते चित्र गुपचूप जाऊन 'उघडला, उघडला' अशी चुगली करतं. पण माझे वाचक कोण? सॉफ्टवेअरवाले! असली चुगलखोर चित्रं पहिल्या दिवशीच बंद करून बसलेली जमात. मी हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं.

"असेल," टक्केराव म्हणाले. "पण न वाचल्याचा पुरावा माझ्याकडे आहे. वाचल्याचा तुम्ही आणा. शुक्रवारी, अकराच्या आत."

हे सगळं सासूबाईंना सांगता सांगता मला रडूच कोसळलं. रागाचं रडू. सहा वर्षं एक महिना चुकवला नव्हता. ताप असताना अंक काढला, नणंदेच्या लग्नात मांडवामागे बसून काढला. आणि आता म्हणे कुणी वाचतच नाही!

"म्हणजे कुणी वाचतं हे दाखवता आलं, तर सुटलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. पण कसं दाखवणार? दारोदार जाऊन विचारू?"

त्यांनी उठून चहा टाकला.

सासूबाईंची ओळख करून द्यायलाच हवी. एका वर्तमानपत्रात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. छापायला जायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या, पण लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याची चिठ्ठीही त्या दुरुस्त करून परत पाठवतात. नवरा परगावी नोकरीला, शनिवार-रविवार येतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. दर महिन्याला मी अंक छापून त्यांच्यापुढे ठेवते. त्या ओळीखाली पट्टी धरून एकेक अक्षर वाचतात. "तुमच्या त्या प्रोग्राममधलं मला ओ की ठो कळत नाही," असं म्हणतात आणि तरी त्यातला निसटलेला कंस बरोबर पकडतात. सगळं नीट असलं की शेवटच्या पानाखाली बारीकशी बरोबरची खूण करतात. म्हणजे छापायला हरकत नाही.

बुधवारी संध्याकाळी मी सप्टेंबरचा अंक त्यांच्यापुढे टाकला. ठेवला नाही, टाकलाच. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तासाभराने त्यांनी पानं परत दिली. एक स्वल्पविराम आणि दोनदा पडलेला एक शब्द, एवढ्याच दोन दुरुस्त्या. मी उभ्या उभ्या कॉम्प्युटरवर त्या केल्या आणि अंक सकाळी नऊला आपोआप जाईल अशी सोय करून ताटावर बसले.

गुरुवारी सव्वानऊला संस्थेत पोचले, तर खालच्या दालनात गर्दी. तिथे भिंतीवर एक मोठा पडदा आहे. कुठे कुठल्या जागा, कुठे कुठलं प्रशिक्षण, असं त्यावर सरकत असतं आणि विद्यार्थी वह्या घेऊन समोर उभे असतात. मी रोज त्यासमोरून जायचे, पण कधी थांबून वाचलं असेल तर शपथ. आज पडदा लालभडक होता आणि त्यावर एकच ओळ होती: 'तारीख चुकीची: ३१ सप्टेंबर. पुढे जाता येत नाही.'

समोर खुद्द संचालकबाई उभ्या. "हा एकतीस सप्टेंबर कुठून आला?" त्या पहारेकऱ्याला विचारत होत्या, जशी काही ती तारीख रात्रीतून त्याची नजर चुकवून आत शिरली होती.

मी फोनवर माझा अंक उघडला, तर त्यात तीच तारीख. ऑगस्टच्या अंकात एका शिष्यवृत्तीची शेवटची तारीख एकतीस ऑगस्ट होती. मी जुनाच मजकूर घेऊन त्यावर नवा बसवला, महिना बदलला आणि आकडा तसाच राहिला. जुन्यावरून नवं करायचं आणि अर्धंच बदलायचं, ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी खोड.

"माझ्याकडून आला, मॅडम," मी म्हणाले.

"तुमचा ह्या पडद्याशी काय संबंध?"

तेच तर मलाही कळत नव्हतं! तिसऱ्या मजल्यावरच्या जीवशास्त्रवाल्यांकडे धावले, तेव्हा उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी तिथल्या एका विद्यार्थिनीने छोटासा प्रोग्राम लिहिला होता. तो माझ्या बातमीपत्राचा मेल स्वतःच वाचायचा आणि त्यातल्या जागा नि तारखा उचलून पडद्यावर टाकायचा. ती शिकून निघून गेली, प्रोग्राम चालूच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

धापा टाकत जागेवर आले, तर त्रेचाळीस मेल. 'तुमच्या अंकामुळे आमचा प्रोग्राम पडला.' 'आमचं कॅलेंडर सकाळपासून बंद आहे.' एका आजोबांच्या थाटाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'सप्टेंबरला तीस दिवस असतात, कृपया एकदा मोजून पाहावे.' एकाने तर स्वतःच्या प्रोग्रामची दुरुस्तीच जोडली होती: 'चूक तुमची, पण न तपासता विश्वास ठेवला ही चूक माझी.' मी वाचत होते तेवढ्यात त्रेचाळीसचे सत्तर झाले.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे लोक मेल उघडतच नाहीत! त्यांनी मेल उघडायला प्रोग्राम लिहून ठेवलेत! मेल हाताने वाचतील, तर ते आमचे लोक कसले? मी एकटीच मोठ्याने हसले आणि शेजारच्या टेबलवरच्याने मला पाणी आणून दिलं.

मी ताबडतोब दुरुस्ती पाठवली. तारीख तीस सप्टेंबर, चूक पूर्णपणे माझी, माफी असावी. आणि खाली एक ओळ: 'तुमचा प्रोग्राम हे बातमीपत्र किती लोकांपर्यंत पोचवतो, तेवढं कळवाल का? उद्या अकराच्या आत हवंय.'

उत्तरांचा नुसता पाऊस. दुर्बिणीवर काम करणाऱ्या चमूने लिहिलं, आमच्या नियंत्रण कक्षातल्या फळ्यावर लागतं, एकशे दहा माणसं. समुद्रातल्या एका संशोधन जहाजावर ते पोचत होतं. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जेवणाच्या खोलीत लागत होतं. संध्याकाळी एका डोंगरावरच्या हवामान केंद्रातून मेल आला. 'इथे फक्त एकच माणूस,' तिने लिहिलं होतं. 'मीच. ही नोकरीही मला तुमच्याच अंकातून मिळाली. दर महिन्याला तो आला की वाटतं, माझ्यासारखे आणखी आहेत. बंद करू नका.' बंद होणार आहे, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तिने आपणच ताडलं होतं. मी तो मेल तीनदा वाचला.

घरी जाताना मात्र एक गोष्ट खुपत होती. एकतीस सप्टेंबर सासूबाईंच्या नजरेतून सुटलाच कसा? निसटलेला कंस पकडणारी बाई! वय झालं का? डोळ्यांचं काही? मी ठरवलं, त्यांना ह्यातलं काही म्हणजे काही सांगायचं नाही. चूक माझी म्हणून मिटवायची आणि पुढच्या आठवड्यात कसल्या तरी निमित्ताने डोळे तपासायला घेऊन जायचं. त्यांनी विचारलं, "अंक गेला?" मी म्हटलं, "गेला." त्या भाजी निवडत राहिल्या.

शुक्रवारी अकरा वाजता मी समितीपुढे कागद ठेवला. एकसष्ट प्रयोगशाळा, आणि त्यांच्याकडून पुढे वाचणारे सहा हजार आठशे बारा.

टक्केरावांनी चष्मा सारखा केला. "म्हणजे एक चूक केली, त्याचं बक्षीस द्यायचं?"

"बक्षीस नको," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. "चूक माझी आहे, ती मी एकसष्ट ठिकाणी कबूल केली आहे. पण तुम्ही पुरावा मागितला होता. जे कुणी वाचत नाही, ते चुकलं तर कुणाचं अडतं? इथे एक तारीख चुकली आणि एकसष्ट ठिकाणचं काम अडलं! तुमचा स्वतःचा पडदासुद्धा!"

टक्केराव मान खाली घालून कागदावर काहीतरी करत होते. मला वाटलं, झालं, आता नियम काढतील. त्यांनी मान वर केली, तर चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. "मॅडम," ते संचालकबाईंना म्हणाले, "अकराशे चाळीसमागे सहा हजार आठशे बारा म्हणजे पाचशे सत्त्याण्णव टक्के! माझ्या उभ्या नोकरीत शंभराच्या वरचा आकडा मी पाहिलेला नाही!"

संचालकबाई एवढ्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. मग म्हणाल्या, "असलं काम कंत्राटावर चालवणं हाच मुळात वेडेपणा होता. जागा कायम करा." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि टक्केरावांनीच तो ठराव लिहून घेतला.

जिंकले! घरी मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले. सासूबाई खाली वाण्याकडे गेल्या होत्या. ओट्यावर त्यांची सामानाची यादी विसरून राहिली होती. त्या जुन्या पानांच्या पाठीवर याद्या करतात. मी सहज पान उलटलं, तर तो माझाच अंक, शेवटचं पान. '३१'भोवती लाल गोल काढलेला आणि मग खोडरबराने पुसलेला. लाल पेन्सिल पुरती पुसली जात नाही, गुलाबी डाग उरतो. आणि पानाखाली बरोबरची खूण नव्हती.

त्या आल्या तेव्हा मी पान हातात धरून उभी होते. "आई, हे काय?"

"यादी."

"हा गोल?"

"पेन्सिल घसरली असेल."

"चौतीस वर्षांत घसरली नाही ती!"

त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं. "आमच्या पेपरात एकदा शब्दकोडं बंद करायचं घाटत होतं. कुणी सोडवत नाही म्हणे. एका रविवारी त्यात एक चौकोन चुकीचा आला. मला दिसला. मी चष्मा पुसत बसले. मंगळवारी पत्रांची दोन पोती आली. अगं, नीट छापलेलं असेल तर कोण कशाला पत्र लिहितो?"

"आणि माझी नोकरी गेली असती म्हणजे?"

"ती तशीही चाललीच होती की," त्या म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "तू सोमवारी रडलीस. माझ्यासमोर तू कधी रडली नव्हतीस. पण मी खूण केली नव्हती हं. खोटी खूण मी केली नाही. तूच बघितलं नाहीस."

मला हसावं की भांडावं कळेना, म्हणून मी त्यांच्या गळ्यात पडले. "अगं, घाम आलाय मला," असं म्हणत त्यांनी पाठीवर हात फिरवला. "आणि मी तुम्हाला डोळे तपासायला नेणार होते!" म्हटल्यावर मात्र जाम रागावल्या.

अठ्ठावीस तारखेला जागा कायम झाल्याचं पत्र हातात पडलं. शिक्का, सही, सगळं. मी ते घरी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. ह्या वेळी अगदी नीट ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला, पट्टी घेतली आणि पहिल्या ओळीखाली धरली. माझं नाव, हुद्दा, तारीख, एकेक अक्षर. मी समोर उभी, परीक्षेचा निकाल असल्यासारखी. शेवटच्या ओळीवर पोचल्यावर त्यांनी पुन्हा वर जाऊन तारीख पाहिली. मग लाल पेन्सिल उचलली आणि संचालकबाईंच्या सहीच्या खाली बारीकशी बरोबरची खूण केली.

"अहो आई! ऑफिसचं मूळ पत्र आहे ते!"

"असू दे," त्या म्हणाल्या. "हरकत नाही."