मिशीचे दहा मणी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर पाचोळा चाळला. जंगलातून पोती भरभरून आणायचा, घरात बसून चाळायचा आणि तळाला जी धूळ उरेल तिच्यात भुंगेरे शोधायचे. भुंगेरे ह्यांचे, धूळ घराची आणि झाडू माझा, अशी आमची वाटणी होती.

कुणालाच ठाऊक नसलेल्या तेवीस जातींचं वर्णन ह्यांनी पहिल्यांदा छापलं. चोविसावी सापडून आठ वर्षं झाली, पण ‘सावकाश लिहू’ म्हणता म्हणता डोळ्यांनी दगा दिला. आता जिथे बघतील तिथे मधोमध काळा डाग. कडेकडेचं तेवढं दिसतं. मी आले की कळतं, पण माझं तोंड काही दिसत नाही. त्यात फारसं नुकसान नाही, असं मी आल्यागेल्याला सांगते.

“हा एक लिहून झाला की मी सुटलो,” हे म्हणाले. मग मायक्रोस्कोपपुढे मी बसले आणि शेजारच्या खुर्चीत हे. मी तीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलेली बाई. भुंगेऱ्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण समोर जे आहे तेच वाचायचं, असायला हवं होतं ते नाही, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं आहे.

भुंगेरा तिळाच्या निम्मासुद्धा नसेल. टाचणीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या टोकावर तो चिकटवलेला होता. हे विचारायचे, मी बघून सांगायचे आणि लिहून घ्यायचे.

“रंग?”

“लालसर तपकिरी. पाय जरा फिके.”

“डोळे?”

“डोळे दिसत नाहीत हो.”

“नसतातच ह्याला. पाचोळ्याखालच्या अंधारात राहणाऱ्याला हवेत कशाला!” असं म्हणून हे हसले. मला काही हसू आलं नाही.

“आता मिशीचे मणी मोज.” डोक्यावरच्या स्पर्शिकेला हे मिशी म्हणायचे आणि तिच्यात माळेसारख्या ओवलेल्या तुकड्यांना मणी.

“दहा.”

“अकरा असतील. परत मोज.”

परत मोजले. दहाच.

“अगं, ह्याच्या सगळ्या भाऊबंदांना अकरा असतात. शेवटचे दोन चिकटल्यासारखे दिसत असतील.”

“चिकटलेले असले तरी मधे रेघ दिसेल ना? रेघ नाहीये.”

“तुला काय कळतंय रेघेतलं?”

“मग तुम्ही बघा!” मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

तीन दिवस आमचं ह्यावरून वाजत राहिलं. वर्णन एकदा छापलं की छापलं. चुकीचा आकडा गेला तर जगभरचे भुंगेरेवाले म्हणणार, म्हातारा आंधळा झाला तरी लेखणी खाली ठेवत नाही. ह्यांना धास्ती होती ती ह्याची. मला वाटायचं, देऊन टाकावेत अकरा, ह्यांना आता दिसतंय कुठे? पण हात धजत नव्हता.

चौथ्या दिवशी ह्यांनी बाटलीत जपून ठेवलेले बाकीचे पाच भुंगेरे बाहेर काढायला लावले. पाचही जणांच्या दोन्ही मिशा मोजल्या. सगळीकडे दहा.

“माझी आठ वर्षांपूर्वीची वही काढ,” हे म्हणाले.

वहीत ह्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मिशी : अकरा मणी’. मी वाचून दाखवलं.

“बघ!” ह्यांचा चेहरा उजळला. “पुढे डावी-उजवी लिहिलंय ना?”

मणी खरोखर मोजले की दोन्ही मिशांचा आकडा वेगवेगळा लिहायचा, ही ह्यांची पद्धत. डावी इतके, उजवी इतके.

“नाही लिहिलेलं,” मी म्हटलं. “नुसतं अकरा आहे.”

हे म्हणाले, “म्हणजे मी मोजलेच नाहीत. सगळ्यांना असतात म्हणून अकरा लिहून मोकळा झालो. डोळे चांगले धडधाकट होते तेव्हा.”

भांडणात जिंकल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

“पण दहा म्हणजे चांगलंच ना?” मी विचारलं. “आणखी वेगळा निघाला की.”

“चांगलंच. आता ही जात नवी नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. लिही, दहा.” आवाजात मात्र आनंद नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, “आधीच्या तेवीस जणांच्या वह्या काढ. फक्त मिशीची ओळ वाच.”

पहिल्या वहीत डावी अकरा, उजवी अकरा. दुसरीत तसंच, तिसरीतही तसंच. सहा वह्या झाल्या. दर वेळी हे मान हलवायचे आणि खुर्चीत थोडे सैल व्हायचे.

सातवी वही ज्याची होती, त्या भुंगेऱ्यामुळे ह्यांचं नाव झालं. परदेशातून पत्रं आली ती त्याच्यावरूनच. मी पान उघडलं. नुसतं अकरा. पुढे काही नाही.

डावी अकरा, उजवी अकरा म्हणायला कितीसा वेळ लागतो? ह्या माणसाला ती ओळ आता कधीच वाचता येणार नव्हती, आणि वाचून दाखवणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी त्या ओळीकडे बघत राहिले.

“नाही लिहिलेलं,” मी म्हटलं.

हे हसले. अगदी मनापासून हसले.

“तू थांबलीस तेव्हाच कळलं मला,” ते म्हणाले. “लिहिलंय म्हणाली असतीस ना, तर तुझे दहाही मला खोटे वाटले असते.”

मला भरून आलं. ओल्या डोळ्यांनी मणी मोजता येत नाहीत, म्हणून आधी पदराने डोळे पुसले. मग उठून कपाटातून त्या सातव्या भुंगेऱ्याची पेटी काढली.