पिंपाभोवती

त्र्याहत्तर साली आमच्या बाहेरच्या खोलीच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेलं एक लोखंडी पिंप उभं होतं, आणि दोन मोठे बाप्ये संध्याकाळभर त्याच्याभोवती गोल गोल फिरत असायचे.

"घरात पिंप कशाला गं? पाणी येत नाही का तुमच्याकडे?" माझ्या नणंदेने दारातूनच विचारलं होतं.

"येतं. ह्यांना दुर्बीण करायचीय."

"पिंपाची?"

तिला समजावून सांगेपर्यंत चहा निवला. जहाज मोडलं की त्याच्या खिडक्यांच्या जाडजूड गोल काचा भंगारात येतात. तशा दोन काचा ह्यांनी भंगारवाल्याकडून आणल्या होत्या. एक पिंपाच्या झाकणावर पक्की बसवायची आणि दुसरी तिच्यावर ठेवायची. मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घालून वरची काच ढकलायची, ओढायची, एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा ढकलायची. असं महिनोन्महिने केलं की वरची काच खोलगट होत जाते. ती गुळगुळीत करून तिच्यावर पारा चढवल्यासारखा चकचकीत थर दिला की तिचा आरसा होतो आणि त्यात चंद्र जवळ येतो. पिंप घासताना हलू नये म्हणून पाण्याने भरायचं.

"आणि तू हे चालवून घेतेस," नणंद म्हणाली.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. दिवसभर कानाशी लोकांची बडबड. घरी आल्यावर न बोलणारा नवरा आणि घासल्या जाणाऱ्या काचेचा तो एकसुरी आवाज मला खरं तर बरा वाटायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे खोली अडली तरी कुणाची अडचण नव्हती.

आमचे हे चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून भिंगं घासायचे आणि फ्रेममध्ये बसवायचे. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलत. पण काचेवर केसाएवढी रेघ दिसली तरी भिंग बाजूला टाकून दुसरं घ्यायचे. मालक वैतागायचे. "अहो, गिऱ्हाइकाला दिसत नाही ती रेघ, मग तुम्हालाच कशी दिसते?" ह्यांचं उत्तर ठरलेलं असे. "दिसते."

पिंपाभोवती फिरणारा दुसरा माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरचे टेलर. सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला, ती कधी शाळेत शिकवायला गेली नसली तरी, मास्तरीणबाई. कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. मास्तर दोघांच्या वाटचं एकटे बोलायचे. माप घेताना गिऱ्हाइकाची इतकी चेष्टा करायचे की पोट आत ओढून उभा राहिलेला माणूस हसायचा आणि खरं माप मिळायचं.

सुरुवातीला ते नुसते गंमत बघायला येत. मग एक दिवस ह्यांच्या दुकानात गेले. चष्म्याचा नंबर चुकलाय, कडेचं नीट दिसत नाही, अशी तक्रार घेऊन. आत शिरताना डाव्या हाताच्या काचेच्या कपाटाला धडकले. ह्यांनी त्यांना स्टुलावर बसवलं, समोर बघायला सांगितलं आणि एक बोट बाजूने हळूहळू पुढे आणलं.

"बोट दिसलं की सांगा."

"कुठलं बोट?" मास्तर म्हणाले.

बोट तोवर गालापाशी आलं होतं.

दोघं मिळून डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला दाब वाढलाय, गेलेली नजर परत येणार नाही. कडा गेल्यात, मधली आहे तीही जाईल. औषधाने थोडी लांबेल. वर्ष, दीड वर्ष, सांगता येत नाही.

त्या दिवशी मास्तरांनी ह्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, मास्तरीणबाईंना हे कळता कामा नये. आणि दुसरी आमच्या खोलीत, पिंपावर हात ठेवून माझ्यादेखत सांगितली.

"चष्मेवाले, मी जन्मभर हातभर अंतरावरचं बघितलं. दोरा, काज, बटण. डोळे आहेत तोवर एकदा काहीतरी लांबचं बघू द्या मला. ही काच लवकर करा."

हे म्हणाले, "मग घासायला लागा."

तेव्हापासून मास्तर रोज दुकान बंद करून येऊ लागले आणि आमच्या घरात घाई शिरली. ह्यांच्यासारख्या माणसाला घाई करायची म्हणजे मोठीच शिक्षा. पण त्यांनी नियम सोडले नाहीत. आधी जाड पूड, मग तिच्याहून बारीक, मग आणखी बारीक. दर वेळी पूड बदलली की सगळी खोली धुवायची. पडदे, पायपुसणं, स्वतःची नखंसुद्धा. जाड पुडीचा एक कण बारीक कामात शिरला की काचेवर ओरखडा पडलाच म्हणून समजा. मास्तर कपड्यांवरून कण आणतील म्हणून त्यांना दारातच शर्ट काढून ह्यांचा धुतलेला शर्ट घालावा लागे. तो त्यांना गुडघ्यापर्यंत यायचा.

"वहिनी, हा शिवला कुणी? त्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याला धंदा बदलायला सांगतो."

"तुम्हीच शिवलाय, मास्तर."

"मग माणसाचं माप चुकलंय."

बारीक पुडीचं काम पुरुषांच्या हातून नीट होईना. दोघंही फार जोर लावायचे. म्हणून दुपारी मी आणि मास्तरीणबाई घासायला लागलो. माझी सकाळची पाळी संपलेली असायची, त्यांचा स्वयंपाक आटोपलेला. एकीने ढकलायचं, दुसरीने पाणी शिंपडायचं, आणि तोंडाने इमारतीतल्या सगळ्यांची खबरबात. त्या हसत असायच्या. नवऱ्याचं एवढं मोठं दुखणं ह्या बाईपासून लपवून तिच्याशी गप्पा मारायच्या, म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरून गाणं म्हणण्यासारखं होतं. एकदा त्या सहज म्हणाल्या, "ताई, ही काच होईल ना हो लवकर?" मी म्हटलं, "का, घाई आहे?" तर म्हणाल्या, "छे, मला कसली घाई?" आणि पाणी शिंपडायला लागल्या.

शेवटच्या पुडीवर आलो होतो. त्या संध्याकाळी मास्तरांची पाळी होती. दाराशी डाव्या बाजूला एक बादली होती. आधीच्या पुडीची फडकी मी तिच्यात भिजत टाकली होती, आणि ती नेहमी तिथेच असायची. मास्तर हात धुवायला वाकले ते उजवीकडच्या स्वच्छ पाण्याकडे बघत. डावा हात टेकायला गेले आणि तो कोपरापर्यंत त्या बादलीत गेला. त्यांना पाण्याचा स्पर्श कळला असणार, पण पाणी कुठलं ते दिसलं नाही. बाही पिळून ते पिंपाशी आले आणि ढकलायला लागले.

दोन-तीन पावलं झाली असतील. आवाज आला. मोठा नव्हता, पाटीवर खडा घासावा तेवढाच. पण आमच्या घरात इतके दिवस तो आवाज कधी झाला नव्हता.

ह्यांनी मास्तरांचे हात धरून थांबवले. काच उचलली, धुतली, दिव्यापुढे तिरकी धरली. मधून जरा बाजूला, बोटभर लांब ओरखडा.

ह्यांची नजर मास्तरांच्या बाहीवर गेली. बाहीला करड्या रंगाचा चिखल लागला होता. मग ती परत काचेवर आली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काचेतच खोट होती," हे म्हणाले. "जहाजाची काच. आतून बुडबुडा असतो एखादा. घासत घासत वर आला."

माझं लग्न होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. ह्या माणसाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि तेही काचेबद्दल.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मास्तर भेटले. "वहिनी, काचेत खोट नव्हती ना?"

"हे म्हणतात तर असेल."

"त्यांचे कान लाल झाले होते. तेवढं दिसतं मला अजून. समोरचं दिसतं." ते जिना चढायला लागले. "तुमचा शर्ट मीच घरी नेऊन धुतला. बादलीच्या तळाला वाळू राहिली."

त्या दिवसापासून मास्तर यायचे बंद झाले. हे एकटेच पिंपाभोवती फिरत. दुसऱ्या कुणाचं बोलणं नाही, त्यामुळे खोली एकदम मोठी वाटायला लागली. मी म्हटलं, जाऊन बोलवा की. ह्यांनी मान हलवली आणि तसेच फिरत राहिले. एका रविवारी मात्र मधेच थांबले, हात पुसले आणि वर गेले. मी मागोमाग गेले. हे बोलणार नाहीत आणि मास्तर ऐकणार नाहीत, अशी मला खात्रीच होती.

मास्तर मशीनपुढे बसले होते. मशीन बंद होतं.

"चला," हे म्हणाले.

"मी कशाला? उरलेली काच बिघडवायला?"

"एकट्याने फिरलं की चक्कर येते."

"मग उलटं फिरा." मास्तर हसले नाहीत. "चष्मेवाले, मागे जा. जाड पुडीपासून परत घासा आणि तो ओरखडा घालवा. गिऱ्हाइकाचं भिंग एका रेघेपायी टाकून देता तुम्ही. आणि स्वतःचा आरसा असा ठेवणार? माझ्यासाठी? मला नाही चालणार ते."

"मागे गेलो तर पाच-सहा महिने जातील," हे म्हणाले. "तेवढे आहेत तुमच्याकडे?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मास्तरीणबाई चहाचे कप घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या.



"थांबलात का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "चालू द्या. मला नवीन नाही त्यात काही. सुईत दोरा मी ओवून देते, त्याला दोन वर्षं होतील. रस्त्यात मी ह्यांच्या डाव्या हाताला चालते, ती काय शोभा म्हणून?"

मास्तर त्यांच्याकडे वळले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज सांगता. कठड्यावर आपटता तेव्हा."

त्यांनी कप मशीनवर ठेवले, ह्यांच्याकडे वळल्या. "त्या ओरखड्याने दिसायचं बिघडतं का हो?"

ह्यांनी बराच विचार केला. कामाच्या बाबतीत त्यांना पुन्हा खोटं बोलायचं नसावं. "नाही. उजेड अगदी किंचित कमी होईल. बघणाऱ्याला कळणार नाही."

"मग कळणार कुणाला?"

"मला."

"तुम्ही डोळे मिटून घ्या मग," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आधी मास्तर हसले, मग मी. ह्यांनी चहा घेतला. ते हसल्याचं मला आठवत नाही, पण कान लाल झाले होते.

पुढचं काम चौघांनी मिळून केलं. गुळगुळीत करण्याचं काम सगळ्यात चिवट. डांबराच्या थरावर लाल पूड घेऊन काच इतकी फिरवायची की हाताला तिचा रंग चढायचा. आरसे करणाऱ्याकडून वरचा चकचकीत थर देऊन आणला. खोक्यांच्या फळ्या जोडून ह्यांनी लांबट चौकोनी नळकांडं केलं. आत उजेड उसळू नये म्हणून मास्तरांनी त्याला आतून काळ्या कापडाचं अस्तर शिवलं. शिवण बोटाने चाचपत शिवलं आणि एकही टाका वाकडा गेला नाही. ह्यांनी ते भिंग तपासावं तसं तपासलं आणि नुसतं "हं" म्हणाले. मास्तरांनी ते "हं" आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवलं.

पहिल्यांदा दुर्बीण गच्चीवर नेली तेव्हा अजून दिवे लागायचे होते. आकाश निळंच होतं आणि त्यात अर्धा चंद्र, फिकट. खाली रस्त्यावर पोरं खेळत होती. ह्यांनी चंद्र धरला आणि बाजूला झाले. स्वतः बघितलंच नाही, "मास्तर" एवढंच म्हणाले.

मास्तरीणबाईंनी त्यांचा हात नळकांड्यावर ठेवला. मास्तर वाकले. एवढा वेळ गप्प राहिलेले मास्तर मी कधी बघितले नव्हते. मला वाटलं, दिसत नाही. मास्तरीणबाईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"कड उसवलीय," मास्तर म्हणाले.

"काय?"

"एका बाजूने गोल आहे, झकास दुमडून शिवलेली. आणि दुसऱ्या बाजूने उसवलीय. दोरे निघालेत सगळीकडे. मधे वाट्याच वाट्या. चष्मेवाले, हे डोंगर ना?"

"डोंगर. सावली पडलीय त्यांची."

मग मास्तरीणबाईंनी बघितलं, मग मी, आणि सगळ्यात शेवटी ह्यांनी. मी मान वर केली तेव्हा इतका वेळ त्या छोट्या गोलातून बघितल्यामुळे गच्ची भलतीच रुंद वाटली. मी तसं बोलून गेले. "त्यात बाकी काहीच दिसत नाही. चहूकडे काळं, आणि मधे तेवढाच गोल."

"मला हल्ली सगळं असंच दिसतं," मास्तर म्हणाले. "मी सांगत होतो तर कुणाला कळत नव्हतं. आज बघितलंत तुम्ही सगळ्यांनी."

त्यात दुःख नव्हतं. माप बरोबर आल्यावर म्हणायचे तशा आवाजात म्हणाले. मास्तरीणबाई मात्र पुढे झाल्या, पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला आणि खूप वेळ तशाच राहिल्या. ह्या खेपेला त्या चंद्र बघत नव्हत्या.

मास्तरांची नजर त्यानंतर दोन वर्षं टिकली. दुकान मास्तरीणबाईंनी चालवलं, लहान मुलांच्या कपड्यांवर आणलं. मास्तर शेजारी बसून बटणं लावत आणि गिऱ्हाइकांना हसवत. ते शहाऐंशी साली गेले. मास्तरीणबाई पुढे मुलीकडे राहायला गेल्या. आता नव्वदीच्या घरात आहेत. फोनवर मोठ्याने बोलतात, कारण ऐकू मला कमी येतं. मास्तर गेल्यावर दुर्बीण एका शाळेने मागून नेली. ह्यांना बऱ्याच जणांनी दुसरी करून द्यायला सांगितलं, पण त्यांनी पुन्हा काच घासली नाही. पिंप माझी नणंद घेऊन गेली, पाणी साठवायला.

मास्तरांची नजर पूर्ण गेल्यावरही दोघं संध्याकाळी गच्चीवर जात. दुर्बिणीला डोळा लावून हे सांगत आणि मास्तर ऐकत. आज कड कुठवर आली, कुठला डोंगर उजेडात आला, कुठला बुडाला. चार वाक्यांचा माणूस अर्धा अर्धा तास बोलायचा. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे.

मास्तर गेले आणि हे पुन्हा पहिल्यासारखे झाले. पण हेही जाण्याआधी, शेवटच्या वर्षांत, कधी कधी गॅलरीत बसल्या बसल्या चंद्राकडे बघून मधेच सुरू व्हायचे. "आज खालची कड बरीच उजळलीय." मी शेजारच्याच खुर्चीत, डोळ्यांवर चष्मा, आणि समोर तोच चंद्र. मला दिसत असायचा.

मी म्हणायचे, "अजून काय दिसतंय, सांगा."